चिठ्ठ्या लावलेलं घर

शरणपूर रोड, नाशिक
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

चि. आरोहीस आशीर्वाद.

काल, गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू मला फसवलंस. पौर्णिमेची गर्दी ओसरली असेल, त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ, असं सांगून गाडीत बसवलंस. मी ठेवणीतली साडी नेसले, बेल निवडून घेतला. गाडी थांबली ती विसराळू म्हाताऱ्यांच्या डॉक्टरच्या दारात. मांडीवर बेलाची पुडी घेऊन मी त्या बाकावर तासभर बसले. महादेवाला काय वाटलं असेल ते सोड, मला काय वाटलं ते विचार.

आणि तो डॉक्टर! मला म्हणतो, या वयात 'कोप अप विथ' करावं लागतं. शाळेत इंग्रजी शिकवत होते तोवर मी मुलांच्या वह्यांतून तो जास्तीचा 'अप' खोडत आले. त्याचाही खोडला, तोंडावर. मग त्याने सूड उगवला. सकाळी उठल्यापासून काय काय करता ते इंग्रजीत सांगा म्हणाला. मी सांगितलं नाही. या वयात मला तोंडी परीक्षा द्यायच्या नाहीत. तू त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस ती मला आवडली नाही.

पाचवीत सायखेड्याहून माझ्याकडे आलीस तेव्हा 'लय' आणि 'नाय' यांच्यापुढे तुझी गाडी सरकत नव्हती. तुझ्या बापाला, जीवनला, मी शब्द दिला होता की पोरगी फाडफाड इंग्रजी बोलेल. बोललीस. माझ्या पाठीमागे त्या डॉक्टरला म्हणालीस, 'शी कान्ट गो ऑन लाइक धिस.' मला ऐकू चांगलं येतं.

माझ्याबद्दल काय ठरवलं आहेस ते सरळ लिही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. जावईबापू रविरावांना आशीर्वाद. लोभ आहे, पण सध्या तो फुगून बसला आहे.

तुझी आत्या

ओझर
मंगळवार, ११ नोव्हेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

फसवलं हे खरं. दवाखाना म्हटलं असतं तर तू दारच उघडलं नसतंस. दिवाळीत तू बाबांना, आजोबा कुठे गेलेत, असं विचारलंस. आजोबांना जाऊन किती वर्षं झाली, आत्या. बाबांना वाटलं तू थट्टा करतेस. ते हसले, मला हसता आलं नाही. तुझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या नवसाबाई सांगतात की गॅस चालू राहिलेला त्यांनी दोनदा पाहिला. तेव्हापासून फोन वाजला की तुझ्याकडून तर नाही ना, ते आधी पाहते.

रविराज म्हणतात, आत्यांना ओझरला आणू. मागची खोली रिकामी आहे, खिडकीतून विमानं दिसतात.

मी नवीन आले तेव्हा तू घरभर इंग्रजी चिठ्ठ्या लावल्या होत्यास. नळावर 'टर्न ऑफ', आरशावर 'टाय अप युवर हेअर', उंबऱ्यापाशी 'टेक ऑफ युवर शूज'. ओझरची विमानं टेक ऑफ करतात म्हणजे चपला काढतात, असं मी तुला सांगितलं, तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही, असा तुझा नियम. गुरुवारी तू रागाने आत जाऊन पडलीस, तेव्हा आम्ही दोघांनी तशाच चिठ्ठ्या पुन्हा लावल्या. चिडू नकोस. येता-जाता वाचत जा, एवढंच मागते.

राग उतरला की माया पहिल्यासारखी चढू दे.

तुझी आरोही

शरणपूर रोड, नाशिक
शनिवार, १५ नोव्हेंबर

चि. आरोहीस आशीर्वाद.

चिठ्ठ्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे तपासल्या. गॅसमागच्या टाइलवर तुझ्या नवऱ्याच्या अक्षरात 'पुट ऑफ द गॅस'. त्यांना सांग, पुट ऑफ करायचं, म्हणजे पुढे ढकलायचं, ते लग्न, माळ्याची साफसफाई आणि दाताच्या डॉक्टरकडे जाणं. गॅस टर्न ऑफ करतात. हा माणूस ओझरच्या कारखान्यात विमानं जोडतो म्हणे! दाराच्या चिठ्ठीवर 'लॉक अप' लिहिलंय तुझ्या हाताने, ते बरोबर आहे. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. लाल पेन घेऊन सगळ्या नीट करून ठेवल्या.

मागची खोली तुला लखलाभ. या दारावर माझ्या नावाची पाटी आहे आणि मी तिच्या आत राहणार.

एक विचारते. आपण जे वाक्य दुरुस्त करतो ते आपल्याला कळलेलं असतं, नाही का? उगीच विचारलं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

थंडी पडली आहे, स्वेटर घाल. माझ्यावर रुसलीस तरी घाल.

तुझी आत्या

ओझर
मंगळवार, १८ नोव्हेंबर

ती. आत्यास नमस्कार.

आज वि. वि. काही नाही. काल सकाळी नवसाबाई आल्या तेव्हा दाराच्या फटीतून धूर येत होता. त्यांच्याकडे किल्ली होती म्हणून बरं. दुधाच्या पातेल्याचा कोळसा झाला होता, पडद्याची कड करपली होती. मी धावत आले तेव्हा तू गॅलरीत लाल पेन घेऊन शांत बसली होतीस. गॅसमागच्या चिठ्ठीतल्या 'टर्न'खाली तू काल सकाळी पुन्हा एक रेघ ओढली होतीस, आणि तिच्याच पुढे गॅस जळत होता.

मी विचारलं, "आत्या, चिठ्ठी वाचली नाहीस का?"

तू म्हणालीस, "वाचली की. आता बरोबर आहे."

रविवारी, ३० तारखेला, आम्ही टेम्पो घेऊन येतो. या वेळी मी तुझं ऐकणार नाही. हवं तर जन्मभर बोलू नकोस, पण जिवंत राहा.

तुझी आरोही

शरणपूर रोड, नाशिक
रविवार, २३ नोव्हेंबर

चि. आरोहीस अनेक आशीर्वाद.

पातेल्याचं मला आठवत नाही. पण मोरीत काळं पातेलं आहे आणि खिडकीला पडदा नाही, त्याअर्थी तू लिहिलंस ते खरं. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि दर वेळी नव्याने दचकले.

डॉक्टरकडे मी हट्टाने गप्प बसले नव्हते. 'आय गेट अप' एवढं मनात आलं. पुढे काही येईना. पुट ऑन, वॉश अप, सेट आउट, वर्गात बडबडलेलं सगळं दारापर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं. मग मी तोंड मिटून घेतलं. त्याने मला तुसडी म्हटलेलं चालतं. दुसरं काही म्हटलेलं चालणार नव्हतं.

आमचे दादा, म्हणजे तुझे आजोबा, नन लोकांच्या स्वयंपाकघराला भाजी घालायचे म्हणून मला कॉन्व्हेंट मिळालं. तिथे पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत मला भोवतालचं एक अक्षर कळत नव्हतं. आता तसंच होतं, आपल्याच घरात.

चिठ्ठी दिसली की माझा हात पेनाकडे जातो, गॅसकडे जात नाही. जन्मभर इंग्रजी वाक्य चूक की बरोबर एवढंच पाहिलं. ते आपल्याला काही करायला सांगतंय, हे ध्यानातच येत नाही. म्हणून त्या सगळ्या काढून टाक. मराठीत लिही, दादा बोलायचे तशा. 'गॅस बंद कर, लय झालं.' दादांचं वाक्य दुरुस्त करायची माझी अजून छाती नाही.

आणि मला लिहून दे, की त्या चिठ्ठ्या वाचून मी गॅस बंद करते आहे तोवर टेम्पो येणार नाही. नवसाबाई संध्याकाळीही येतील, मी विचारलं आहे. ज्या दिवशी मी दादांच्या वाक्यावरही लाल पेन चालवीन, त्या दिवशी मला घेऊन जा. मी भांडेन. ऐकू नकोस.

उत्तर लेखीच हवं, शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपारच्या टपालाच्या आत. फोन मी उचलत नाही तो रागाने नव्हे. फोनवर ऐकलेलं संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ राहत नाही. कागद उशाखाली ठेवता येतो आणि सकाळी पुन्हा वाचता येतो.

पाकिटावर तुझं नाव मोठं लिही, आणि नावाखाली तू माझी कोण ते.

तुझी आत्या