कॉइलचा काही दोष नाही

प्रिय धाकट्या,

आधी माझी तक्रार ऐक. तांब्याच्या तारेवर एक पारदर्शक व्हार्निश असतं. ते खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि खरवडताना माझं अंगठ्याचं नख गेलं. एवढ्या अन्यायाची कुठेही दाद लागत नाही. तुझे दाजी म्हणाले, बाजारात तयार स्पीकर मिळतात. बाजारात तयार शहाणपण मिळत असतं तर त्यांच्यासाठी आणलं असतं.

स्पीकर बांधायला घेतले ते तुझ्या घरी तू बांधलेले ऐकून. तू बजावलं होतंस, ताई, पेटी कशीही असू दे, पण तिच्यातल्या मोठ्या स्पीकरकडे जाणारे वरचे सूर अडवते त्या कॉइलमध्ये चिक्कूपणा नको. मी अर्थात केला. लोखंडी गाभ्याची, लिंबाएवढी आणली. गाण्यातले शब्द बोथट येत होते म्हणून आवाज वाढवला, तर सूर फाटायला लागला. एवढ्याशा गाभ्याला तेवढा प्रवाह झेपत नाही. मग बिनगाभ्याची, जाड तारेची घेतली, चांगली पावाएवढी. फाटणं थांबलं, बोथटपणा राहिला. मग तिचे वेढे कमी केले, वरचे सूर जरा जास्त जाऊ देत म्हणून. दाजी कानांवर हात ठेवून बाहेर आले, म्हणाले, अगं, सुऱ्यांना धार लावतेस का? मला मात्र गायिका तोंडात रुमाल धरून गातेय असंच वाटत होतं.

म्हणून तुझ्याकडे आले तेव्हा तुझ्या उजव्या स्पीकरमधली कॉइलच काढून आणली, लगेच परत देते म्हणत. तू स्वतः गुंडाळलेली, तिच्यात खोट कुठून असणार? बसवली. रुमाल तसाच. तेवढ्यात दाजी ओरडले, अगं, ते कपडे धुण्याचं मशीन केव्हाचं शीळ घालतंय, तुझ्या पाठीमागेच तर आहे. मी वळून पाहिलं. दिवा लुकलुकत होता. आवाज नव्हता. आजार म्हशीला आणि मी पखालीला औषध पाजत बसले होते.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरचे सूर गेले, ते परत यायचे नाहीत. आहेत ते सांभाळा. दाजींना मी डोळे तपासायला गेले असं सांगितलंय.

लेक म्हणते, मामा रुसलाय. नोकरी गेल्याचं त्यानं फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, वा, छान झालं. म्हणाले असेन. फोनवर हल्ली नुसती गुणगुण येते. समोरचा बोलत असला की हं आणि थांबला की छान, एवढ्यावर मी सगळ्यांना निभावते. तू थांबलास, तेव्हा तुला छान मिळालं. म्हणून हे पत्र. नोकरीचं पहिल्यापासून लिही, अक्षर कसंही चालेल, डोळे मात्र खरंच ठीक आहेत. कॉइल सोबत पाठवतेय, टोकं खरवडून, सोल्डर लावून. तुझा स्पीकर माझ्यामुळे उगाच अर्धामुका बसलाय.

तुझीच,
ताई