गिलाव्याविना राहिलेली भिंत

बाबा, आपल्या घराच्या समोरच्या भिंतीला आता गिलावा होणार नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. घराचं काकांच्या नावानं स्मारक करायचं ठरलंय. तुमचे मोठे भाऊ कवी झाले, पाठ्यपुस्तकात गेले, आणि तुम्ही अर्धं केनवड गाव बांधून मिस्त्रीच राहिलात. स्मारकाची मंडळी येतात, उघड्या विटांपुढे फोटो काढतात, कवीनं काय गरिबी सोसली म्हणून हळहळतात. काका शहरात गेल्यावर हे घर तुम्ही बांधलं, ते इथे पाहुण्यासारखे आले-गेले, हे मी सांगून पाहिलं. चहा पिऊन म्हणतात, "ताई, भितीले हात नका लावू. असंच पायजे आमाले." जागा काकांच्या नावावर. त्यांच्या मागे चुलतभावानं ती स्मारकाला देऊन टाकली. मायचं जगणं आहे तोवर राहा म्हणतात, हेच उपकार.

तो उन्हाळा आठवतो. ओसरीवर सिमेंटच्या पिशव्या, अंगणात चाळलेली रेती, दुसऱ्या दिवशी आपली भिंत. आणि तुम्ही पिशव्या गाडीवर चढवताय, काकांच्या सत्काराला विहारापुढे ओटा हवा म्हणून. माय चुलीपुढून विचारते, "सबन गावाची घरं केली, आपलंच काहून उघडं?"

"भाऊ रोज रोज येते काय? भित कुठी पळून जाते?"

त्या ओट्यावरून काकांनी कष्टकऱ्यांच्या हातांवर कविता म्हटली. सिमेंटनं फाटलेल्या हातांनी सगळ्यांत जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्या. माय आलीच नाही. मला अजून राग येतो, काकांचा नाही, तुमचा.

माय आता खाटेवरून उठत नाही, तिला दिसतही नाही. एकच विचारते, "झालं का वं पलस्तर?" परवा मी हो म्हटलं. वास यावा म्हणून घमेल्यात थोडं सिमेंट कालवून खाटेजवळ ठेवलं. किती दिवसांनी ती शांत झोपली. आज सकाळी म्हणाली, "मले भाईर ने. हात लावून पायतो."

"ओलं हाय माय. बोटं उमटतील."

मिस्त्र्याची बायको ती. गिलावा कधी सुकतो, तिला कळत नाही होय? तरी म्हणाली, "बरं. सुकू दे."

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. उद्याही मी ओलंच आहे म्हणणार आहे.