तेविसाव्या प्रश्नाची तयारी

८ जानेवारी २०२५, बुधवार

आज आलेलं — मुलाखतीचं पत्र एक (मोबाइलवर आलं, नाक्यावर छापून घेतलं, दहा रुपये). शंभर पानी वही, पंचवीस. निळं पेन, पाच. बूट-पॉलिशची डबी, चाळीस. लहान डबी मागितली होती, नव्हती.

पत्र गलोंड्याच्या नव्या धाग्याच्या कंपनीचं. सोमवार, वीस तारीख, सकाळी अकरा. शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी ह्यांना बोलावलंय. दिवाळीत राखोलीची कंपनी बंद पडली, तेव्हापासून सात अर्ज केले. त्यातलं हे पहिलं बोलावणं. मधुकरभाऊ राखोलीला ह्यांच्याबरोबर होते, आता गलोंड्याला स्टोअरमध्ये आहेत. त्यांनी शब्द टाकला म्हणून एवढं तरी झालं. म्हणाले, दुसऱ्यांदा शब्द टाकायची माझी पत नाही, भास्कर.

खोली जुन्या कंपनीची. मार्चअखेर सोडायची आहे. अश्विनीची बारावी डोक्यावर. ह्यांच्या आताच्या वॉचमनच्या पगारात भाड्याची खोली आणि तिचं कॉलेज, दोन्ही बसत नाही. ह्यांचं वय अठ्ठेचाळीस. आई सप्तशृंगी, ही जागा मिळू दे.

आणि ह्यांनी जन्मात मुलाखत दिलेली नाही! सतरा वर्षांपूर्वी गेटवर उभे राहिले, ठेकेदाराने हात धरून आत नेलं, झालं.

९ जानेवारी, गुरुवार

वेळेचा हिशोब मांडला. रोजच्या हिशोबासारखाच, मध्ये रेघ मारून.

जमा — ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ. आल्यावर ताटावरच डोळे मिटतात, तो वेळ धरला नाही. राहिली पहाट, पाच ते सात. उद्यापासून एकोणीसपर्यंत दहा पहाटा, संक्रांतीची वजा. अठरा तास.

खर्च — स्वतःची माहिती हिंदीत सांगणं, तीन तास. इंग्रजी शब्द, तीन. मशीनचे प्रश्न, दोन (ते त्यांना येतात). कागद लावणं, एक. बसणं-उठणं, हात कुठे ठेवायचे, एक. अश्विनीने मोबाइलवरून चाळीस प्रश्न उतरवून दिलेत, त्यांना सहा. शिल्लक दोन तास, अडीअडचणीला.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, "दहावीला तरी एवढा अभ्यास केला होता का मी?" केला नव्हता. मार्कशीट बघितली आहे मी.

१० जानेवारी, शुक्रवार

पहाटे देवाजवळ दिवा लावला आणि सुरुवात केली. साहेब मी. पलंगावर बसले. हे दाराबाहेरून आत आले आणि मलाच म्हणाले, "नमस्ते सर." अश्विनी गोधडीत तोंड खुपसून हसत होती. मग उठून बसली आणि तीच शिकवायला लागली. पप्पा, टेल मी अबाउट युवरसेल्फ म्हटल्यावर गावाचं नाव सांगायचं नाही, एक्स्पिरियन्स सांगायचा. हे म्हणाले, गाव सांगितल्याशिवाय माणूस कळतो कसा?

हात कुठे ठेवायचे ते काही जमत नाही. सतरा वर्षं मशीनवर ठेवलेले हात. मांडीवर ठेवले की पाहुण्यासारखे दिसतात.

११ जानेवारी, शनिवार

मशीनचे प्रश्न. दोन तास धरले होते, पाऊण तासात संपले. धागा गुंडाळणाऱ्या शंभर चात्या फिरत असल्या तरी कुठली बिघडली ते आवाजावरून सांगतात! बोलताना मान ताठ झाली. असेच बोलले तर जागा आपलीच.

१२ जानेवारी, रविवार

बावीस प्रश्न झाले. तेविसावा — तुमच्या शिफ्टमध्ये कधी अपघात झाला होता का?

हे उठले, पाणी प्यायले. म्हणाले, "नाही लिही." मी लिहिलं. पण झाला होता. दीड वर्षापूर्वी, श्रावणात. ह्यांच्या शिफ्टमधल्या भिकाभाऊची उजव्या हाताची चार बोटं गेली. मशीनच्या पट्ट्यावर हात जाऊ नये म्हणून जाळी असते, ती त्यांनी स्वतःच काढली होती, असं तेव्हा कळलं होतं. मी म्हटलं, मग खरं तेच सांगा की. झाला, पण कामगाराच्या चुकीने झाला. तुमचा काय दोष?

"पुढचा प्रश्न घे," म्हणाले.

१३ जानेवारी, सोमवार

आजचे दोन्ही तास तेविसाव्यातच गेले. वाक्य मी करून दिलं — एक अपघात हुआ था, कामगार की गलती थी. सोपं आहे. हे "कामगार की" पर्यंत येतात आणि थांबतात. नऊ वेळा. शेवटी मी चिडले. अश्विनीसुद्धा एवढ्यात शिकली असती, असं बोलून गेले. बोलायला नको होतं.

हिशोब चुकतो आहे. सतरा प्रश्न बाकी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सुट्टी धरलेली. गच्चीवर सगळ्यांचे पतंग. हे ड्यूटीवर. तिळगूळ डब्यात दिला, तसाच परत आला.

१५ जानेवारी, बुधवार

ड्यूटी सुटल्यावर मधुकरभाऊ ह्यांच्याबरोबरच आले. चहा घेतला. म्हणाले, नव्या कंपनीत सेफ्टीचं फार आहे, तो प्रश्न विचारणारच. झिरो अपघात म्हणून सांग. भिकाची केस तर कागदावर साफ आहे, तुझीच सही आहे तिच्यावर.

मी विचारलं, कसली सही? दोघंही चहाच्या कपात बघायला लागले.

१६ जानेवारी, गुरुवार

आज प्रश्न नाही घेतले. ह्यांनीच सांगितलं.

जाळी भिकाभाऊंनी काढलेली नव्हतीच. आठ दिवस आधीच तुटली होती. ह्यांनी लॉगबुकात दोनदा लिहिलं, फिटर पाठवा. मॅनेजर म्हणाले, ऑर्डर निघू दे, मशीन बंद ठेवायचं नाही. हे बंद करू शकत होते. सुपरवायझर होते. केलं नाही. अपघातानंतर लॉगबुक बदललं आणि ह्यांच्यापुढे कागद आला — शिफ्टच्या सुरुवातीला जाळी जागेवर होती, कामगाराने काढली. ह्यांनी सही केली. त्या एका कागदावर भिकाभाऊंचा भरपाईचा अर्ज अडून राहिला. होळीनंतर किलवणीची खोली सोडून ते गावी गेले, शहाद्याकडे.

सगळं भिंतीकडे बघून सांगितलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तू सत्यनारायण घालत होतीस," म्हणाले.

घातला होता. त्याच महिन्यात, ह्यांच्यावर काही आलं नाही म्हणून. भिकाभाऊची बायको आली होती, सोनीला घेऊन. लहान मुलगी, तिसरीत असेल तेव्हा. दाराजवळच बसल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. कथा पूर्ण ऐकली. जाताना भिकाभाऊंसाठी प्रसाद मागितला, मी डबा भरून दिला. वर म्हटलं, भाऊंना सांगा, आता तरी जपून काम करा.

ती बाई मान खाली घालून डबा घेऊन गेली. मला वाटलं, लाजली.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. पाचला उठवलं नाही. दोन तास वाया.

दिवसभर उपास, आणि दिवसभर एकच मनात. इथे खोटं लिहिणार नाही — मला ह्यांनी "नाही"च म्हणायला हवं आहे. भिकाभाऊंची बोटं परत येणार नाहीत. मार्च मात्र येणार. देवीपुढे बसले तर जप लागेना. डोळे मिटले की दाराजवळ बसलेली ती बाई.

चंद्र बघून उपास सोडला. ह्यांना वाढताना म्हटलं, "एकदा म्हणून टाका. एकच शब्द आहे. मग जन्मभर मी तुमच्याबरोबर प्रायश्चित्त घेईन."

जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्या पाचला उठव."

१८ जानेवारी, शनिवार

चाळीसच्या चाळीस प्रश्न घेतले. तेविसाव्याला म्हणाले, "नहीं सर." सरळ, न अडखळता. हातसुद्धा बरोबर ठेवले होते.

अश्विनीने टाळी वाजवली. पप्पा, एकदम परफेक्ट. मग माझ्याकडे वळली. "पण मम्मी, साहेब खाली का बघतोय? साहेब तर तोंडाकडे बघणार ना."

१९ जानेवारी, रविवार

कागद क्रमाने लावले. शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश. उद्याची सुट्टी सांगून झाली. सव्वानऊला निघायचं. रिक्षा भरेपर्यंत वीस मिनिटं, गलोंडा पोचायला अर्धा तास, गेटवर नोंद पंधरा मिनिटं. मग थोडा वेळ शांत बसायला.

संध्याकाळी हे म्हणाले, "तू खरीच साहेब असतीस, तर मला घेतलं असतंस का?"

मी भाकरी उलटत होते. उलटत राहिले.

२० जानेवारी, सोमवार

सव्वानऊला निघाले. हातावर दही-साखर दिली.

दोनला आले. बूट काढले, जोडून ठेवले.

तीन साहेब होते. मशीनचं सगळं विचारलं, खूश होते. मग तोच प्रश्न. हे म्हणतात, तोंड उघडलं "नहीं"साठीच. पण सांगून टाकलं सगळं. जाळी, लॉगबुक, सही. मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, आजच का सांगता? हे म्हणाले, "सर, घरी ह्या एका प्रश्नाचीच सगळ्यात जास्त तयारी केली. घरच्या माणसासमोर जमलं. तिला खाली बघायला लागलं, तेवढं एक सोसलं नाही."

कळवतो, म्हणाले.

भात वाढला. मला राग आला होता, तो अजून आहे. बारा दिवस! आणि आतून कुठेतरी सैल वाटलं, त्याचाही राग आला.

२१ जानेवारी, मंगळवार

बोलणं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

मधुकरभाऊंचा फोन. जागा दुसऱ्याला दिली. "एवढं एक 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो रे?" एवढं बोलले आणि ठेवला. आपला त्यांच्याशी संबंध संपला बहुतेक.

अश्विनी म्हणाली, मी बारावीनंतर नोकरी बघते. मी तिला गप्प बसवलं, आणि मोरीत जाऊन रडले.

२४ जानेवारी, शुक्रवार

ह्यांनी काल अर्धा दिवस रजा टाकली होती. कुठे गेले होते ते आज कळलं. लेबर ऑफिसात.

एका खोलीचं भाडं विचारून आले. पत्र्याची आहे. बघू.

२५ जानेवारी, शनिवार. एकादशी

पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते —

"भिकाभाऊ, सौ. सुलभा भास्कर पाटील हिचा नमस्कार. तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र. पत्ता ह्यांच्या आठवणीतला आहे, पोचावा. तुमच्या अर्जावर ह्यांच्या सहीचा जो कागद आहे तो खोटा आहे. जाळी आधीच तुटली होती. हे तसं लिहून द्यायला तयार आहेत. ऑफिसात गेले होते, तिथे म्हणाले, अर्जदार स्वतः हजर पाहिजे. तुम्ही याल का? आमच्याकडे उतरू नये असं वाटलं तर तेही बरोबर आहे. प्रसादाच्या दिवशी मी वहिनींना जे बोलले ते मला माहीत नव्हतं म्हणून बोलले, पण बोलले. आमचं तोंड बघायचं नसेल तरी तेवढं कळवा. पत्ता घातलेलं कार्ड सोबत ठेवलं आहे. तुमच्या हाताने लिहिणं होणार नाही. सोनीकडून दोन ओळी लिहून घ्या, आणि उलट टपाली पाठवा."