साखऱ्याच्या ओढ्यातला किडा आणि माझी पेटी

हे लिहायचं मी पोळ्यापासून पुढं ढकलून राहिलो. आधी भिंगाची काच निघाली, मग सिद्धेश्वरला पूर्णेचं पाणी बघायला गेलो तो बारा दिवस तिकडंच. आता हिवतापानं तिसऱ्यांदा गाठलंय, हकिमांनी बरगडीखाली सुजलेली पानथरी दाबून पाहिली आणि पुडीचे पैसेही घेतले न्हाईत, म्हणून बसलो लिहायला.

मी, संतराम उकंडराव, वय चोवीस, राहणार साखरा (राहतो कमीच), बुद्धी ठिकाणावर असताना, अंगात ताप नसलेल्या दिवशी, कुणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवतो की :

एक. घर, शेत मला न्हाई. एक लोखंडी पेटी आहे. मासे तपासायला आलेल्या साहेबाचं सामान मी दोन वर्षं वाहिलं, जाताना भिंग आणि ही पेटी त्यांनी दिली. दोन्ही माझी बहीण शकुबाई हिला. तिला वाचता येतं आणि ती माझ्यासारखी अर्ध्यात उठत न्हाई.

दोन. पेटीत चोपडी आहे. तीत एका किड्याचं वर्णन आहे, जे अजून कुणी लिहिलेलं न्हाई. तांदळाच्या दाण्याएवढी अळी, वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते, नळीचं तोंड तिरपं. द्वारकाबाई परटिणीनं ती धुण्याच्या दगडावर पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, "संतराम, इकडं ये, खडे चालून राहिले!" म्हणून किड्याला तिचं नाव पडावं. तिला सांगितलं तर म्हणते, "मेल्या, किड्याला काहून? नातीला दे की."

पण कलकत्त्याहून त्याच साहेबांचं पत्र आलंय : नुसत्या अळीवर नाव देता येत न्हाई, पंख फुटलेला नर पाठवा. असे चार नर माझ्याकडं होते. किडे टिकवायचं स्पिरिट संपलं म्हणून पहिल्या धारेच्या मोहाच्या दारूत ठेवले होते. पोळ्याच्या सांजेला तातेराव मामांनी बाटली रिकामी केली. विचारलं तर म्हणाले, "आरं, मला वाटलं जिरं टाकलंय!"

तीन. म्हणून तातेराव मामांना काही न्हाई. साक्षीदाराला वाटा मिळत नसतो असं मोहियोद्दीन शिंपी सांगतो, तर मामांनाच साक्षीदार करतो, म्हणजे पुढं वाद नको. मोहियोद्दीनलाही त्यामुळं काही देता येत न्हाई, त्यानं राग मानू नये. उरलेल्या अळ्या ज्या हंडीत ठेवल्यात, तिच्यावरचं मलमलचं फडकं त्यानंच शिवलंय.

चार. त्या हंडीत शेवटच्या तीन नळ्या आहेत, अळ्या तोंडं बंद करून आत निजल्यात, यातूनच पंखवाला निघतो. ओढा आता आटला, पुढच्या साली तिथं काही राहील का, सांगता येत न्हाई. मी गेलो तर शकुबाईनं रोज पाणी ढवळावं. नर निघाला तर नव्या बाटलीत घालून चोपडीसकट कलकत्त्याला धाडावा. बाटली मामांपासून पाच हात लांब.

पाच. कुरुंद्याला एकदा हळद शिजताना पाहिली, त्याबद्दल लिहायचं होतं, पण ते मृत्युपत्रात बसत न्हाई, असं मोहियोद्दीन म्हणतो.

मु. साखरा, १७ नोव्हेंबर १९३८, दिवेलागण.
सही : संतराम उकंडराव
साक्षीदार : १. शेख मोहियोद्दीन, शिंपी (सही)
२. तातेराव, मामा

मामांचा अंगठा राहिलाय. शाई लावून वाकले ते हंडीकडं बघत तसेच थांबले. म्हणाले, "संत्या, कागद ठेव बाजूला. जिऱ्याला पंख फुटले."

फडक्याला आतून उलटा लटकलाय. शेपटीला नराचे ते दोन वाकडे आकडे दिसून राहिले. नरच आहे. शके, बाटली आण.