चाळलेली माती

हॉलंड, १२ मार्च २००६

माय,

तुले अन् बाबाले जयभीम. दीपा, हे मायले मोठ्यानं वाचून दाखव.

मी बरा आहो. थंडी लय आहे, पण तुह्या स्वेटरनं भागते. बेसन मीच करून खातो.

इथं आम्ही पाच-सहा देशांचे लोक जमिनीतल्या पाण्याचं शिकून राह्यलो. सगळ्यांनी आपापल्या वावरातली माती आणली. आपली फुलसावंगीची पुडी उघडली, तं सर म्हणाले, "यातले खडे अन् मुळ्या कुठं गेल्या? पाणी कुठवर मुरते, ते त्यावरूनच तं समजते!"

माती परदेशात जाते म्हणून तू ती पिठासारखी चाळून देल्ली होती.

मी सरले तसंच सांगतलं. तेवढ्यात सुदानची अमीना हसाले लागली. तिच्याकडंही कापसाचीच काळी माती. तिच्या मायनंही चाळूनच देल्ली होती.

पुढच्या महिन्यात आमच्या हापिसातले मोघे साहेब इकडं येतीन. त्यांच्याजवळ विहिरीपासची ढेकळं जशीच्या तशी दे.

अन् फोनवर तू नुसतं 'सगळं चांगलं आहे' म्हणते. विहिरीले पाणी किती आहे? कापूस कितीत गेला? बाबा दोन्ही टाइम जेवते का?

हे मात्र चाळून सांगू नको, माय.

तुहा
धम्मरत्न