वर्षभराचा अंदाज

१ जुलै
कापला! माझ्या अंदाजाच्या दुप्पट टॅक्स कापला! चारदा आकडेमोड केली होती मी. वर्षाचा पगार धरला, वजावटी काढल्या, बसेल त्या टॅक्सला बाराने भागलं. त्या भरवशावर खोली ठरवून बसले आणि हातावर काय टेकवलं? चिंचोके!

दादा म्हणतो, "तरी सांगत होतो, वेगळं राहणं तुला झेपायचं नाही." वहिनी भांडी लावता लावता गालात हसली. तळपायाची आग मस्तकात गेली.

२ जुलै
पगार करणाऱ्या कारकुनाला गाठलं. "ताई, मे महिन्यात तुमच्या विभागाने ओव्हरटाइम केला ना? कॉम्प्युटरने तोच वर्षभर धरला."

वर्षभर! त्या एका ऑर्डरीपायी चष्म्याच्या काचा घासून घासून बोटांची सालं निघाली आमच्या. बारा महिने तसं जगून दाखव म्हणावं त्या कॉम्प्युटरला!

"अंदाजच असतो हो. जास्तीचं वर्षाअखेर परत मिळतं."

"मग घरमालकाला सांगू, भाडंही वर्षाअखेर घ्या?"

त्याने पुढची फाइल ओढली.

५ जुलै
साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "एवढ्याशासाठी?" म्हणे. एवढंसं! मग तुमचं कापा की! — हे मनातल्या मनात. तोंडाने म्हटलं, "दुरुस्त होईपर्यंत मी हलत नाही." आणि हललेच नाही. शेवटी कारकुनाला आत बोलावलं. तो म्हणाला, "बघतो."

९ जुलै
बघतोच आहे अजून!

१ ऑगस्ट
टॅक्स शून्य! एक पैसा कापला नाही — माझाच नाही, अख्ख्या विभागाचा! बायकांनी डोक्यावर घेतलं मला. भांडल्याशिवाय काही मिळत नाही, हेच खरं. कारकून जिन्यात दिसला. आभार मानायला गेले तर मान खाली घालून सटकला. नाक कापलं गेलं ना त्याचं!

घरमालकाला आगाऊ भाडं दिलं. दादाला तोंडावर सांगितलं, "रविवारी निघते."

४ ऑगस्ट
सामान टेम्पोत चढत होतं, तेवढ्यात कारकुनाचा फोन. "ताई, कुणाला सांगू नका. ते तुमच्या भांडणामुळे नाही झालं. तुमच्या विभागाचा पगार सप्टेंबरपर्यंतच धरायला सांगितलंय वरून; पुढे पगारच नाही. तेवढ्या कमाईला आधी कापला तोच टॅक्स पुरून उरतो."

दादा दारातच उभा. "काय गं, काय झालं?"

"काही नाही." टेम्पोत बसले.

कुणाला सांगू नका म्हणे! उद्या फाटकातच सगळ्यांना सांगणार आहे.