कडंला घे, बाई

सोमवार, ११ ऑगस्ट

श्रेयाच्या जहाजाची टक्कर झाली! पोरगी सुखरूप आहे.

परदेशातला कुठलासा अरुंद कालवा. समोरून दुसरं जहाज आलं. सुकाणूवर श्रेयाच होती — शिकाऊ अधिकाऱ्यांच्या हाती देतात, शेजारी तिथलं पाणी जाणणारा पायलट उभा असतो. समोरच्या जहाजावरचा एक खलाशी पाण्यात पडला. सापडत नाही.

तिची आई मनकर्णा बुद्धवंदना म्हणत बसली आहे. मला तेही सुचत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

घास गिळवत नाही. शेजारचा पुंजाराम येऊन वर मीठ चोळून गेला. "फकिरा, पोरीच्या जातीला कशाला धाडलं इतक्या लांब?"

मी म्हटलं, "आरं, चाक मी शिकवलंय तिला!"

बजाजनगरात कुणालाही विचारा. जन्मभर वाळूजच्या कामगारांची बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. पोरगी कॉलेजात गेली तेव्हा वैजापूरच्या रस्त्यावर तिच्या हातात जीप दिली. समोर ट्रक दिसला की माझं एकच — "कडंला घे, बाई, कडंला!" ती हे विसरायची नाही. चूक समोरच्याचीच, मी लिहून देतो!

बुधवार, १३ ऑगस्ट

खलाशी सापडला. जिवंत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो नाही. लोक विचारतात.

दुपारी श्रेयाचा फोन. चौकशी बसली आहे. पायलट म्हणतो, मी मध्यात धर सांगत होतो, हिनंच आधी काठाकडे वळवलं. तसं ठरलं तर तिचं जहाज कायमचं सुटणार.

मी तडकलो. "खोटारडा! समोरून एवढं धूड येतंय अन् मध्यात धर? ठोकायचं व्हतं का त्याला?"

"बाबा, पाण्यात तसंच असतं. अगदी जवळ येईपर्यंत मध्यातच राहायचं."

म्हटलं, मला येडा समजती का? तर तिनं कॅलेंडरची दोन जुनी पानं समोरासमोर धरायला लावली. मधून फुंक मारा म्हणाली. लांब पळतील असंच वाटलं — चिकटली! मनकर्णानं फुंकून पाहिलं, तरी तेच.

ती म्हणाली, काठाजवळ गेलं की जहाज आणि काठ यांच्यामधून पाणी असंच जोरात धावतं. मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि तोंड मध्ये फिरतं, थेट समोरच्यावर. जो बाजूला व्हायला जातो तोच धडकतो! रस्ता कधी गाडीला ओढतो का? सगळं उलटंच.

"परीक्षेत लिहिलंय मी हे, बाबा."

"मग तू कशाला वळवशील?"

"आठवत नाय. खरंच काय आठवत नाय."

रडली. लहानपणी पडली तरी न रडणारी पोर!

रविवार, १७ ऑगस्ट

सुकाणूच्या खोलीत बोललेलं सगळं टेप होतं म्हणे! हे आधी का नाही सांगितलं? आता पायलटचं पितळ उघडं पडणार. पुंजारामला मुद्दाम हाक मारून ऐकवलं. आज पोटभर जेवलो.

गुरुवार, २१ ऑगस्ट

चौकशीत टेप ऐकवली. पायलट खरं बोलत होता. त्याचं "मध्यात धर" स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर श्रेयाचाच आवाज, पुटपुटल्यासारखा. मराठीत. तिथं कुणालाच कळेना, म्हणून अर्थ तिलाच विचारला. तिनं खरा तोच सांगितला.

"कडंला घे, बाई, कडंला."

हे तुला कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, कुणी नाही.